हसणारे, हसविणारे आणि आपण

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘विनोद आणि समाज’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. विषय भारदस्त असला तरी वक्ता तसा नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून ३६ वर्षे प्राथमिक शाळेत फळ्यापुढे उभा राहिलेला मी एक साधा शिक्षक आहे. विद्वत्तापूर्ण विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. एका सायंकाळी जे पाहिले आणि त्यावरून जे सुचले, तेवढेच मी आपणापुढे ठेवणार आहे.

हा विषय आजच का, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव यावयाचा आहे. आपल्याच नाभिक समाजातील एक तरुण, ज्याच्या अभियांत्रिकी शिक्षणास आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून मदत मिळाली होती, तो नोकरी सांभाळून सायंकाळी रंगमंचावर उभा राहतो आणि विनोद सांगतो. त्याची जेमतेम चाळीस सेकंदांची चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी फिरली. तीत तो म्हणतो, “आमच्या सात पिढ्यांनी लोकांचे केस कापले, खिसा कापणारा मी पहिलाच.” यावरून समाजाला त्याने खिसेकापू म्हटले असा काही मंडळींचा समज झाला. त्याचा जाहीर निषेध करावा आणि त्यास दिलेली मदत परत मागावी, असा तो ठराव आहे. मी माझ्या भाचीसमवेत तो कार्यक्रम पुण्यास प्रत्यक्ष पाहिला असल्याचे अध्यक्षांच्या कानी आले आणि त्यांनी मला आज्ञा केली, “गुरुजी, ठरावापूर्वी सभेला दोन शब्द सांगा.” त्या आज्ञेनुसार मी येथे उभा आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत यास ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात आणि आपले मराठी तरुणही तेच नाव वापरतात. तेथे पडदा नसतो, नेपथ्य नसते, रंगभूषा नसते, पेटी-तबलाही नसतो. एक माणूस, एक मायक्रोफोन, एक उंच स्टूल आणि त्यावर पाण्याची बाटली, एवढाच सारा संसार. नोकरीवर जाताना घालतो त्याच कपड्यांत तो माणूस येतो आणि बोलू लागतो. लोक हसले तर तो तरला. न हसले तर त्याच्या मदतीला ना गाणे, ना सहकारी नट. २०१० साली लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ या नामांकित संस्थेची शाखा मुंबईत लोअर परळ येथे उघडली, तेव्हापासून या कलेस आपल्या शहरांत कायमचे व्यासपीठ मिळू लागले. ज्या फिनिक्स गिरणीच्या आवारात एके काळी साचे खडखडत, त्याच आवारात हे घडले. जेथील कामगार पाळी सुटल्यावर लोकनाट्याला गर्दी करीत, तेथे त्यांची नातवंडे आता तिकीट काढून हसावयास बसतात, हा काळाचा महिमा होय. पुढे इंग्रजी-हिंदीच्या मागोमाग मराठीतही ही कला आली आणि आज पुण्या-मुंबईत तिला स्वतःचा प्रेक्षक लाभला आहे.

नाव परके असले तरी वस्तू अगदीच परकी आहे असे मात्र नाही. आपला कीर्तनकार उभा राहूनच बोलतो. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि मधूनमधून पेंगणाऱ्या श्रोत्यास जागे करण्यापुरता विनोद, ही त्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. एकनाथमहाराजांची भारुडे हसवीत हसवीत अंतर्मुख करतात. तमाशातील बतावणीत सोंगाड्या भल्याभल्यांची फिरकी घेतो आणि समोर बसलेले पाटीलही ती गोड मानून घेतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाने गावोगावचे श्रोते जिंकले. पु. ल. देशपांडे यांनी एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर उभी केली, आणि प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये पन्नासहून अधिक पात्रे एकाच देहात नांदविली. या सर्वांत आणि आजच्या तरुणांत एक मोठा फरक मात्र आहे. ती मंडळी बहुधा दुसऱ्याची सोंगे घेत. हा तरुण कोणाचेच सोंग घेत नाही. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आडनावाने उभा राहतो आणि स्वतःच्या घरातील गोष्ट सांगतो. त्याचे यश त्यात आहे आणि त्याचा धोकाही त्यातच आहे.

आता त्या सायंकाळविषयी. एका उपाहारगृहाच्या माडीवरील ते लहानसे सभागृह होते. तिकीट तीनशे रुपये. छत ठेंगणे, खुर्च्या एकमेकींना खेटून, प्रेक्षकांवर अंधार आणि बोलणाऱ्यावर एकच दिवा. ही मांडणी जागेच्या टंचाईमुळे असावी असे मला वाटले होते. भाचीने सांगितले की ती हेतुपुरस्सर असते. हसणे हे जांभईसारखे आहे, एकाचे दुसऱ्यास लागते. माणसे दूरदूर बसली की ते वाटेतच विरून जाते. प्रारंभी सूत्रधाराने सर्वांना मोबाइल बंद करण्याची विनंती केली. त्यातही शास्त्र आहे. गवयाची चीज पुन्हापुन्हा ऐकावीशी वाटते; विनोद मात्र एकदा कळला की त्याचा शेवट शिळा होतो. एक तासाचा कार्यक्रम बांधावयास ही मुले कित्येक महिने घालवितात. तेच वाक्य निरनिराळ्या सभागृहांत म्हणून पाहतात, एखादा शब्द गाळतात, एखादा मागेपुढे करतात, आणि जेथे लोक हसत नाहीत ते निष्ठुरपणे कापून टाकतात. कापण्याचे कसब आपल्या रक्तातच आहे, तेव्हा आपला मुलगा त्यात पुढे गेला याचे मला नवल वाटले नाही.

मुख्य कलाकारापूर्वी तिघा नवशिक्यांना पाच-पाच मिनिटे देण्यात आली. वेळ संपत आली की मागून कोणी तरी मोबाइलचा दिवा दाखवितो आणि बोलणाऱ्याने आवरते घ्यावयाचे असते. आपल्या संमेलनातही ही पद्धत सुरू करावी असे मला मनापासून वाटते; आजचा दिवस मात्र वगळावा. तिघांपैकी एकास मध्येच काही आठवेना. त्याच्या कपाळावरील घाम पहिल्या रांगेतून मला स्पष्ट दिसत होता. पहिल्या दिवशी वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या नव्या शिक्षकाच्या कपाळावर मी तोच घाम पाहिला आहे. लोकांनी त्याची हुर्यो केली नाही; टाळ्या वाजवून धीर दिला. ही सभ्यता मला फार आवडली.

पहिल्या रांगेत बसणाऱ्यास या कार्यक्रमात थोडा कर द्यावा लागतो. सूत्रधाराने माझी टोपी पाहिली आणि विचारले, “आजोबा, तुम्हांला इथे जबरदस्तीने आणले आहे का?” मी म्हणालो, “नाही बाळ. ३६ वर्षे मी रोज असाच उभा राहून बोललो आहे. बसून ऐकायला कसे वाटते ते पाहायला आलो.” तो तत्काळ म्हणाला, “सर, पण तुमच्या वर्गाला बाहेरून कडी होती. आमचे लोक उठून जातात!” सारे सभागृह हसले आणि मीही हसलो. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की थट्टेत माणूस लहान होतोच असे नाही; त्या मुलाने मला आपल्यासारखाच एक उभे राहणारा मानले, हा मी माझा सन्मानच समजतो.

या कलेत जे खटकले तेही सांगितले पाहिजे. काही मुले शिवीला मीठ समजतात, आणि मीठ जास्त झाले तरी जेवणारा बोलत नाही म्हणून वाढीत राहतात. एका मुलाने खेडवळ उच्चारांची नक्कल केली. तीत नकलेपलीकडे काहीच नव्हते. शहरातील माणसाने खेड्यातील माणसास पुन्हा एकदा ‘अडाणी’ म्हटले, एवढेच. अशा ठिकाणी मी हसलो नाही. न हसणे हीदेखील टीकाच होय, आणि कलाकारास ती ठरावापेक्षा लवकर समजते.

मग आपला तरुण आला. सुमारे पंचवीस मिनिटे तो बोलला. ‘खिसा कापणारा मी पहिलाच’ हे त्याचे पहिले वाक्य होते, आणि त्यालाच जोडून त्याने विचारले, “तीनशे रुपये दिलेत ना? बाबा एवढ्यात तुमच्या घरातल्या चौघांचे केस कापून वर मालिश केले असते!” सभागृह खदखदून हसले. चित्रफितीत पहिले वाक्य आहे, दुसरे नाही. खिसेकापू त्याने समाजाला म्हटले नाही. स्वतःच्या तिकिटाला म्हटले. आणि ते म्हणताना वडिलांच्या कष्टाचा भाव स्वतःच्या भावाहून खरा ठरविला.

पुढे तो म्हणाला, “आमच्या तालुक्यात आमदारांपुढे सगळे मान खाली घालतात. आमदार फक्त एका माणसापुढे मान खाली घालतात, आमच्या बाबांपुढे. आणि वर बाबा त्यांना दरडावतात, ‘हलू नका!’” नंतर त्याने कचेरीतील प्रसंग सांगितला. वरिष्ठ रागाने म्हणाले, “आज तुझी बिनपाण्याने करतो.” हा म्हणाला, “साहेब, बिनपाण्याने करायला हात फार चांगला लागतो. तुमचा तेवढा नाही.” बंधूंनो, हा वाक्प्रचार आपण सर्वांनी आयुष्यभर ऐकला आहे आणि ऐकून गप्प बसलो आहोत. त्याला उत्तर देणारा मी प्रथमच पाहिला.

नंतर तो मॉलमधील मोठ्या सलूनविषयी बोलला. तेथे केस कापणाऱ्यास कलावंत म्हणतात आणि त्याची वेळ आठवडाभर आधी घ्यावी लागते. तो म्हणाला, “तेच काम बाबांनी केले तर ती जात, मॉलमध्ये इंग्रजीतून केले तर ते करिअर.” ज्या विषयावर आपल्या संघाने वर्षानुवर्षे निवेदने लिहिली, तो विषय या मुलाने एका वाक्यात शंभर परक्या माणसांच्या गळी उतरविला. ती माणसे हसली, परंतु हसता हसता त्यांतील काहींनी एकमेकांकडे पाहिले, हेही मी पाहिले.

शेवटी त्याने गावच्या लग्नाची हकीकत सांगितली. त्याचे वडील पहाटेपासून लग्नघरी राबत, आणि पंगत मात्र त्यांना सर्वांच्या मागून, बाहेरच्या पडवीत वाढीत. इतके सांगून तो थांबला. सभागृहात एवढी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग तो म्हणाला, “बाबा म्हणायचे, बरं आहे रे, शेवटी बसलं की उरलेली जिलबी सगळी आपलीच.” लोक हसले, पण ते हसणे आधीच्यासारखे नव्हते. माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. माझ्या वडिलांनीही तशी जिलबी खाल्लेली आहे. ती गोष्ट आमच्या घरात कधी उच्चारली गेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या समाजाविषयी केलेला प्रत्येक विनोद मुकाट्याने सहन करावा असे मी म्हणत नाही. मी पाचवीत असताना आमच्या वर्गावर एक शिक्षक होते. गणित चुकले की ते मला म्हणत, “तुला कशाला हवे रे गणित? धोकटी घे आणि जा.” सारा वर्ग हसे. त्या हसण्याचा अर्थ समजण्याइतका मी मोठा होतो. तो विनोद नव्हता. ती हसून घातलेली लाथ होती. पुढे मी शिक्षक झालो तेव्हा माझ्या वर्गात धंद्यावरून कोणास हाक मारू द्यावयाची नाही, हा पहिला नियम मी केला आणि ३६ वर्षे पाळला.

म्हणून विनोद कानी पडला की मी तीन प्रश्न विचारतो. बोलणारा कोठे उभा आहे, वर की आपल्या शेजारी? हसण्याचा नेम कोणावर आहे, ज्याने भोगले त्याच्यावर की ज्याने भोगावयास लावले त्याच्यावर? आणि हसून झाल्यावर ज्याच्याविषयी विनोद झाला तो माणूस लहान दिसतो की मोठा? आमच्या त्या शिक्षकांचे वाक्य तिन्ही प्रश्नांत नापास होते. या मुलाची पंचवीस मिनिटे तिन्हींत उत्तीर्ण होतात. कार्यक्रम संपला तेव्हा त्या सभागृहातील प्रत्येकास त्याच्या वडिलांना भेटावेसे वाटत होते, असे मी खात्रीने सांगतो.

याला आपल्याच परंपरेचा आधार आहे. संत सेनामहाराजांनी आपला धंदा लपविला नाही. त्यातील आरसा आणि चिमटा यांनाच त्यांनी परमार्थाचे रूपक केले. राम नगरकर यांची तसबीर आपल्या कार्यालयात आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने घरोघरी पोहोचलेल्या या कलावंताने ‘रामनगरी’ मध्ये काय सांगितले? आपल्याच घरची, आपल्याच धंद्याची गोष्ट, आणि तीही हसत हसत. १९८२ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट निघाला. १९९५ साली नगरकर गेले. त्यांना हार घालावयाचा आणि त्यांच्या वाटेने चालणाऱ्या मुलास दंड करावयाचा, या दोन गोष्टी एका भिंतीखाली शोभणार नाहीत.

कोणी म्हणेल, २००९ साली ‘बिल्लू बार्बर’ या चित्रपटाच्या नावास आपल्या व्यवसायबंधूंनी हरकत घेतली आणि निर्मात्यांनी ‘बार्बर’ हा शब्द गाळला. मग आताच मौन का? त्या हरकतीची मी चेष्टा करणार नाही. दुसऱ्याने भिंतीवर लावलेल्या जाहिरातीतील आपले नाव आणि आपल्या मुलाने स्वतःच्या तोंडाने घेतलेले आपले नाव, यांत अंतर आहे. आई मुलाला ‘वेडा’ म्हणते आणि शेजारी ‘वेडा’ म्हणतो. शब्द एकच असतो.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. ठराव हा कागद असतो, पण कागद वाऱ्याने उडून कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. २०२१ च्या जानेवारीत इंदूर येथे मुनव्वर फारुकी या कलाकारास अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन देईपर्यंत महिन्याहून अधिक काळ तो कारागृहात राहिला. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या जागेची एका विनोदावरून मोडतोड झाली. त्या प्रकरणांच्या राजकारणात मी शिरत नाही. आपण संतापाने लिहिलेल्या चार ओळींचे बोट धरून कोणी आपल्याच मुलाच्या अंगावर धावून गेले, तर तो कलंक कोणत्या पाण्याने धुवावयाचा, एवढेच मी विचारतो.

आपला समाज इतका हळवा नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने आपल्या पूर्वजांनी सभा भरविली आणि विधवांच्या केशवपनास वस्तरा लावणार नाही असा निश्चय केला. रोजची मिळकत गमावून, यजमानांचा रोष पत्करून त्यांनी ‘नाही’ म्हटले. ज्यांच्या मागे असा इतिहास आहे, त्यांची प्रतिष्ठा चाळीस सेकंदांनी जात नसते.

आपल्या दुकानातील एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. केस कापून झाले की कारागीर मागे आरसा धरतो आणि गिऱ्हाइकाला त्याच्या डोक्याची मागची बाजू दाखवितो, जी त्याला स्वतःहून कधीच दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणते, “थोडे आणखी घ्या,” किंवा म्हणते, “ठीक आहे.” आरसा फोडणारे गिऱ्हाईक मी अद्याप पाहिलेले नाही. हा मुलगा वडिलांचाच आरसा हाती घेऊन उभा आहे. त्याने तो जरा मोठ्या गिऱ्हाइकापुढे धरला आहे, इतकेच.

तेव्हा माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, उद्याचा ठराव मांडणाऱ्या बंधूंनी तो सन्मानपूर्वक मागे घ्यावा. मदत परत मागण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. आपल्या निधीच्या नियमावलीत हुशारी आणि गरज या दोनच अटी आहेत, गंभीर चेहऱ्याची अट नाही. दुसरी, पुढील वर्षीच्या संमेलनात या तरुणास वीस मिनिटे द्यावीत आणि त्याच्या वडिलांना पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी बसवावे. भोजनाची पहिली पंगतही त्यांच्यापासून सुरू व्हावी. तिसरी, जो कोणी वरून खाली पाहत आपल्या धंद्याची कुचेष्टा करील, मग तो शाळेत असो, कचेरीत असो वा चित्रपटात असो, त्यास संघाने तारीखवार आणि सभ्य भाषेत पत्र लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत लिहीतच राहावे.

तरुण मुलांनाही एक सांगणे आहे. बाळांनो, हसवा, खुशाल हसवा. मात्र वस्तरा हाती घेणाऱ्याला कोठे थांबावयाचे ते कळावे लागते. समोरचा माणूस मान खाली घालून, डोळे मिटून आपल्यापुढे बसतो तो विश्वासाने. त्या विश्वासाला ओरखडा उठू देऊ नका.

माझी वेळ केव्हाच संपली आहे. मागून दिवा दाखविणारे कोणी नसल्याने मी थोडे अधिक बोललो.  उद्याचा निर्णय सभेचा आहे. सभा तो थंड डोक्याने घेईल असा मला विश्वास वाटतो, कारण डोके थंड ठेवण्याचा धंदा आपला पिढीजात आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!